तीन टक्के फॉर्मॅट

टंकबाईचं बूड खुर्चीला टेकलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची, चहा उभ्यानं प्यायची, आणि टायपिंग करतानासुद्धा एक पाय असा हलवत राहायची की टेबलावरचा पेनांचा डबा खुळखुळायचा. कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सख्खी वहिनीसुद्धा चिडली की ‘काय टंकबाई’ म्हणायची, आणि वहिनी बरीच चिडायची.

त्या मंगळवारी दुपारी मात्र ती बसली. युनियनच्या खोलीत, प्रिंटरची फीत बदलता बदलता, मटकन बसली. कारण दारात दादा उभा होता, तिचा थोरला भाऊ. एक जिना चढून आल्यामुळे चौकटीला धरून धापा टाकत होता, आणि त्याच्या हातात एक नंबरची फ्लॉपी होती.

“झालं तुझं काम,” श्वास जमवत दादा म्हणाला. “चार दिवस नुसती नाचतेयस. मी तासाभरात करून आणलं.”

“काय करून आणलंस?”

“फॉर्मॅट.”

“काय?”

“अगं फॉर्मॅट! बोर्डाच्या पत्रात काय लिहिलंय? ‘सर्व माहिती ठरलेल्या फॉर्मॅटमध्ये सादर करावी.’ तुझ्या कपाटातली ही फ्लॉपी घेतली, कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो, त्याला दिली, म्हटलं ही फॉर्मॅटमध्ये करून दे. त्यानं मशीनमध्ये घातली. आणि मशीनच बोललं ना! ‘ही डिस्क फॉर्मॅट केलेली नाही. आत्ता फॉर्मॅट करायची का?’ मी म्हटलं बघा, मशीनला कळतं, आमच्या बाईला कळत नाही.”

टंकबाईच्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे नवलच. सरकारी कचेऱ्यांतले कारकून तिला येताना पाहून जेवणाची सुट्टी लवकर घेत.

“कुलूप होतं तिला,” ती शेवटी म्हणाली. “कोपऱ्यातली ती काळी पट्टी मी स्वतः सरकवलेली. तशी लिहूच शकत नाही कुणी तिच्यावर.”

“हो, तेच तो म्हणाला. लॉक आहे काका. म्हटलं लॉक आहे तर उघड. त्याला जमेना, मीच नखानं काढलं.” दादाच्या चेहऱ्यावर अजून थोडी शाबासकीची अपेक्षा होती. मग ती विरघळत गेली. “पण मग तो म्हणाला, दोन मिनिटं थांबा, कोरी करकरीत होईल. मी म्हटलं कोरी? कोरी कशाला? आणि बटण दाबून बाहेर ओढली. तीन टक्केच झाली होती. तीनच. पडद्यावर आकडा होता.”

“दादा,” टंकबाई म्हणाली, “तू घरी जा.”

“तीनच टक्के गं.”

“घरी जा म्हणते ना! नाहीतर आज माझ्या हातून काहीतरी होईल.”

त्या फ्लॉपीत काय होतं ते समजायचं तर कारखाना समजायला हवा. तिथे फरशा आणि संडासाची भांडी बनत. त्यासाठी गारगोटी दळावी लागे, आणि ज्या शेडमध्ये ती दळली जाई तिला चक्की खातं म्हणत. चक्की खात्यातला माणूस संध्याकाळी बाहेर पडला की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, थुंकीसुद्धा पांढरी. दादा त्या खात्यात पहिल्या दिवसापासून. हजेरीचा तिकीट नंबर एक. ‘मी एक नंबरचा माणूस’ हा त्याचा विनोद सबंध खात्याला पाठ होता, आणि तरीही दर नव्या माणसाला तो ऐकावा लागे.

कारखान्याच्या दवाखान्यात वर्षातून दोनदा प्रत्येकाला एका नळीत फुंकायला लावत. छातीत किती हवा मावते ते यंत्र लिटरमध्ये सांगे. कामगार त्याला फुंकणी म्हणत आणि टवाळी करत. ते आकडे टंकून ठेवायचं काम टंकबाईचं. आधी कागदावर, नंतर दवाखान्यात कॉम्प्युटरचा पडदा आणि कीबोर्ड आला तेव्हा त्यावर. मोठं यंत्र स्टोअरच्या खोलीत, त्यावर चाले युनिक्स. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, चित्र नाही की बाण नाही. हुकूम बरोबर टंकला तर काम व्हायचं. चुकला तर एका ओळीचा टोमणा. टंकबाईला ते फार आवडलं. ‘माझ्यासारखंच आहे,’ ती म्हणायची, ‘गोड बोलत नाही.’

शिकवायला कुणी नव्हतं. शिकवायला होता एक वीतभर जाड ग्रंथ, इंग्रजीत, आणि तिच्याकडे शाळेतला शब्दकोश. साहेब लोक म्हणत, टायपिस्टनं टायपिंग करावं. झालं! एवढं कुणी म्हटलं की टंकबाई ती गोष्ट शिकल्याशिवाय राहत नसे. सहा महिन्यांत ती साहेबांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगू लागली, आणि वर्षभरात साहेब स्वतःहून विचारायला येऊ लागले, पण दार लावून, हळू आवाजात.

फ्लॉपी तयार करणं म्हणजे शेत तयार करणं, असं ती सांगे. आधी नांगरट: कोऱ्या चकतीवर गोल गोल तास, म्हणजे नांगराच्या रेघा, ओढायचे, ऐंशी एका बाजूला, ऐंशी दुसऱ्या. मग वाफे पाडायचे, म्हणजे कुठली फाइल कुठे याची मांडणी करायची. मग फ्लॉपी यंत्राला ‘चढवायची’, वापरायची आणि बाहेर काढण्याआधी हुकूम देऊन ‘उतरवायची’. नवखे लोक हे उतरवणं विसरतात. दिवा विझला, काढली फ्लॉपी. पण युनिक्स आळशी हिशेबनीसासारखं असतं. ऐकल्याबरोबर लिहीत नाही, डोक्यात ठेवतं आणि सवडीनं लिहितं. तिनंही एकदा तशी फ्लॉपी ओढली आणि महिन्याभराच्या फुंकण्या गेल्या. दोनशे माणसांना परत बोलावून परत फुंकायला लावलं, तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या दादानंच घातल्या होत्या.

त्या दिवसापासून तिनं वाफे पाडणंच सोडलं. नांगरट करायची आणि टार नावाच्या हुकुमानं सगळ्या फाइली एकापुढे एक, सलग, सरळ चकतीवर ओतायच्या. चढवणं नाही, उतरवणं नाही. दाबून लहान करणंही नाही. ‘दाबलेलं एक टोक सडलं की सगळं गाठोडं जातं,’ हे तिचं मत. युनिक्सच्या जातीच्या यंत्राला ती फ्लॉपी सरळ वाचता येई. बाकीच्या घरगुती यंत्रांना मात्र त्यात वाफे दिसत नसत, आणि ती बिचारी प्रामाणिकपणे विचारत: ही फॉर्मॅट केलेली नाही, करायची का?

कारखाना बंद पडला त्या आठवड्यात यंत्र भंगारात निघालं, दवाखान्याच्या वह्या रद्दीत. टंकबाईनं स्वतः विकत आणलेल्या सात फ्लॉप्यांवर सगळी फुंकणी उतरवून घेतली आणि पर्समधून कारखान्याबाहेर काढली. ही चोरी असं तिला एकानं सुनावलं होतं. ‘श्वास कामगारांचा, टंकायची बोटं माझी, फ्लॉप्या माझ्या. मग कंपनीचं काय चोरलं मी? वीज?’ असं तिनं त्याला विचारलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, वैद्यकीय बोर्ड बसलं होतं. चक्की खात्यातल्या अडतीस जणांची छाती गारगोटीच्या भुकटीनं गेली की नाही हे शुक्रवारी ठरणार होतं. धंद्यातला आजार म्हणून दाखला मिळाला तर औषध, इस्पितळ, घरी लागणारी हवेची नळकांडी जन्मभर. नाही मिळाला तर आपापलं बघा. कंपनीचं म्हणणं असं की ही माणसं आधीपासूनच कमजोर होती, वर विड्या ओढत. याला उत्तर एकच: कामावर आले तेव्हा यांचा श्वास किती होता, आणि पुढे दर सहा महिन्यांनी तो कसा उतरत गेला. ते आकडे जगात एकाच ठिकाणी होते. चक्की खातं पहिलं, म्हणून एक नंबरच्या फ्लॉपीवर. त्यातही दादाचं पान सगळ्यात आधी, कारण तिकीट नंबर एक.

आणि फॉर्मॅट सुरुवातीपासूनच खात येतं.

दादा गेल्यावर टंकबाई खोलीत सात-आठ फेऱ्या मारून आली. युनियनचा सेक्रेटरी कोपऱ्यात पत्रकं मोजत बसला होता. त्यानं घाबरत विचारलं, “बाई, दुसरी प्रत असेलच ना?”

“दोन प्रती होत्या. दुसरी मागच्या साली बुरशीनं खाल्ली. तुमच्याकडे अर्ज दिला होता, नव्या फ्लॉप्या घ्यायला मंजुरी द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, पुढच्या बैठकीत घेऊ.”

सेक्रेटरी पुन्हा पत्रकं मोजू लागला.

युनियनच्या यंत्रावर तिनं युनिक्सच्याच कुळातली, फुकट मिळणारी प्रणाली घालून ठेवली होती. तिनं आधी काळी पट्टी सरकवून कुलूप लावलं. मग फ्लॉपी नाकाशी धरून वास घेतला, बुरशी आहे का ते बघायला. मग थांबली. जुनी फ्लॉपी वाचताना घासली जाते. दहा वेळा आत-बाहेर करायची चैन नाही. एकदाच, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत जशीच्या तशी यंत्रात उचलून घ्यायची, आणि पुढची चिरफाड त्या नकलेवर. त्यासाठी डीडी नावाचा हुकूम आहे. खराब जागा आली तर थांबू नकोस, तिथे तेवढ्याच मापाची रिकामी जागा भर आणि पुढे चल, असं त्याला वेगळं बजावावं लागतं. तिनं ते बजावलं, दोनदा वाचलं आणि दाबलं.

यंत्र सुरुवातीला गुळगुळीत चाललं. ते तिला आवडलं नाही. सुरुवात गुळगुळीत म्हणजे नव्यानं नांगरलेली. मग जिथे दादानं बटण दाबून फ्लॉपी ओढली होती तिथे आलं आणि खर्र, खर्र, टक, असा आवाज काढू लागलं. पडद्यावर ‘वाचता येत नाही’ अशा ओळी. खर्र. टक. टंकबाई उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खर्र.

“बंद करा ना मग,” सेक्रेटरी म्हणाला, “फुटेल.”

“तुम्ही गप्प बसा हो!”

खर्र खर्र करत यंत्र त्या खड्ड्यातून बाहेर आलं आणि पुन्हा आपल्या जुन्या, ओळखीच्या, थोड्या घोगऱ्या आवाजात वाचू लागलं. तो घोगरा आवाज तिला गाण्यासारखा वाटला. जुनं पीक होतं ते, तिच्या हातचं.

नकलेचं पहिलं टोक उघडून पाहिलं तर ओळीच्या ओळी एकच खूण: एफ-सहा, एफ-सहा, एफ-सहा. फॉर्मॅट करणारं यंत्र रिकाम्या जमिनीत हेच पेरतं. चकतीवरचे पहिले दोन-अडीच तास कोरे करकरीत. त्यात गेली पानांच्याही आधी असलेली सगळ्यांच्या नावांची यादी. यादी गेली तरी चालेल, पुन्हा करता येईल. मग तिनं टारला नकलेवर सोडलं. टार जरा अडखळला, सुरुवात सापडत नाही म्हणाला, पुढच्या शीर्षकाकडे उडी मारतो म्हणाला, आणि मारली. तिकीट नंबर दोन. तीन. चार. प्रत्येक नावापुढे फाइलीची तारीख, सगळ्या तारखा कारखाना चालू असतानाच्या. अडतीसपर्यंत.

“आले!” सेक्रेटरी ओरडला. “सगळे आले!”

“सदतीस आले,” टंकबाई म्हणाली.

दादाचं पान मधोमध कापलं गेलं होतं. शीर्षक नाही, तारीख नाही, पहिली सात वर्षं नाहीत. कोऱ्या जमिनीनंतर एकदम मधूनच सुरू होत होतं: दोन लिटर दोनशे. दोन लिटर. एक नऊशे. म्हणजे ज्या पानानं दादाचा श्वास कसा गेला हे सांगायचं, ते पान आता उलटंच सांगत होतं: हा माणूस पहिल्यापासून असाच.

बुधवारी सकाळी वहिनी आली. भाजीची पिशवी तशीच खांद्याला. दादा रात्रभर बसून होता म्हणाली. आडवं पडलं की त्याला श्वास पुरत नाही, आणि काल तर बसूनही पुरत नव्हता. “ते काही बोलत नाहीत. नुसतं तीन टक्के, तीन टक्के. काय झालंय ते तू सांग मला, सरळ शब्दांत.”

टंकबाईनं सांगितलं. वहिनीनं शांतपणे ऐकलं.

“आकडे गेले म्हणजे तुलाही आठवत नाहीत?”

टंकबाईचा पाय हलायचा थांबला. न आठवायला काय झालं! दुसऱ्या कुणाचे नसते आठवले. पण दादाचा प्रत्येक कागद तिनं टंकला होता. पहिली फुंकणी चार लिटर सहाशे. सबंध कारखान्यात एवढी कुणाची नव्हती. मग चार पाचशे. मग चार. सात वर्षांच्या चौदा फुंकण्या तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या.

“आठवतात,” ती म्हणाली.

“मग लिही की.”

“लिहिलं तर आजची तारीख पडेल फाइलीवर.”

“ती बदलता येत नाही?”

इतकी वर्षं वहिनीला कॉम्प्युटर म्हणजे धूळ बसणारी वस्तू वाटत होती. आणि आज बरोबर नेम धरून प्रश्न. टंकबाई यंत्रापुढे बसली. चौदा आकडे टंकले. बोटं आपोआप चालली, खरं टंकताना ती कधी अडत नाहीत. शीर्षक टंकलं. आता राहिला एक हुकूम. टच त्याचं नाव, म्हणजे नुसता स्पर्श. फाइलीला बोट लावायचं आणि सांगायचं, तू त्या साली जन्मलीस. फाइल मुकाट्यानं मानते. मग बाकी सदतीस पानांबरोबर तिला गुंडाळली की हिच्यात आणि त्यांच्यात फरक काढणारा अजून जन्माला यायचाय. तिनं हुकूम टंकला. तारीख टंकली. एंटर दाबायचं राहिलं.

“दे ना दाबून,” वहिनी म्हणाली.

टंकबाई उठली. जिना उतरून रस्त्यावर गेली, चौकापर्यंत जवळजवळ धावत, परत, पुन्हा चौकापर्यंत. एका सायकलवाल्याशी विनाकारण भांडली. त्याची काही चूक नव्हती, घंटीसुद्धा त्यानं वाजवली होती. वर आली तेव्हा वहिनी तशीच उभी होती, पडद्याकडे बघत, जणू एंटर आपोआप दाबलं जाईल.

“वहिनी, कंपनीचा वकील काही बावळट नाही. तो मला विचारणार, तारखा बदलता येतात का? येतात म्हणावं लागेल, कारण येतातच. मग विचारेल, तुम्ही एखादी बदलली का? तिथे मी खोटं बोलताना सापडले, तर सदतीस जणांचे कागदही खोटे.”

“पण हे खरंच आहे ना? चार सहाशे होता ना त्यांचा?”

“होता.”

“मग खऱ्याला खोटं कशाला म्हणतेस?”

“आकडा खरा. तारीख खोटी.”

“तुला सदतीस जण दिसतात,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. “मला घरात एकच दिसतो. भिंतीला टेकून बसलेला.”

टंकबाईनं हुकूम मागे मागे पुसत नेला, एकेक अक्षर. मग चौदा आकडे पुसले. वहिनीनं पिशवी खांद्यावर सारखी केली आणि ती जिना उतरून गेली. बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस प्रिंटर सदतीस जणांचे श्वास करकरत कागदावर उतरवत होता, आणि टंकबाई त्याच्याभोवती पिंजऱ्यातल्या जनावरासारखी फिरत होती. सेक्रेटरी दोनदा ‘बाई, थोडं खाऊन घ्या’ म्हणाला आणि दोनदा त्याचा उद्धार झाला.

शुक्रवारी बोर्डाच्या खोलीत बाकं कमी पडली. अडतीसांतले जे चालू शकत होते ते आले होते. खोकल्यानं खोली भरून गेली होती, एकाचा थांबला की दुसऱ्याचा. बोर्डाच्या अध्यक्ष एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. कंपनीचा वकील तरुण, इस्त्रीचा, हसतमुख. त्यानं पहिल्यांदा चोरीचा मुद्दा काढला. टंकबाईनं विजेचं उत्तर दिलं. बाकांवर हशा झाला. मग तो तिला वाटलं होतं तिथेच आला.

“तुम्ही या विषयातल्या जाणकार आहात, असं ऐकतो.”

“शिकलेली नाही. येतं.”

“मग सांगा. फाइलीची तारीख मागची घालता येते?”

“येते.”

सेक्रेटरीनं डोळे मिटले.

“सोपं असतं?”

“एक हुकूम. त्याचं नाव टच. तुम्हाला हवं तर लिहून देते.”

“म्हणजे या सगळ्या तारखा तुम्ही घरी बसून घालू शकला असतात.” वकील बोर्डाकडे वळला. “मला आणखी काही विचारायचं नाही.”

“मला बोलायचंय,” टंकबाई म्हणाली. उभीच होती, तरी पुन्हा उभी राहिल्यासारखी झाली. “हा वरचा कागद बघा. अर्धाच आहे. तिकीट नंबर एक. हा माझा सख्खा भाऊ.”

डॉक्टरीणबाईंनी कागद उचलला. “याची सुरुवात कुठे आहे?”

“पुसली गेली. मंगळवारी.”

“कुणी पुसली?”

मागच्या बाजूनं बाक सरकल्याचा आवाज आला. दादा उठत होता. उठायला त्याला वेळ लागला आणि खोली थांबली.

“मी,” तो म्हणाला. “फॉर्मॅटमध्ये आणा म्हणालात ना तुम्ही. मी फॉर्मॅट केली.”

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या कारकुनाकडे पाहिलं, पत्र ज्यानं धाडलं होतं त्याच्याकडे, आणि तो फायली चाळू लागला.

“बाई,” त्या टंकबाईला म्हणाल्या, “पुसलेले आकडे तुम्हाला आठवतात?”

“सगळे.”

“सांगा.”

“नाही सांगणार.”

“का?”

“कारण मी बहीण आहे. बहिणीच्या तोंडचा आकडा हे वकीलसाहेब एका फुंकरीत उडवतील, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही उडवला असता. बुधवारी मी ते आकडे टंकले होते. मागची तारीखही टंकली होती. फक्त एंटर दाबायचं होतं. हातात सगळं असून मी माझ्या भावाचं पान भरलं नाही, मग दुसऱ्यांची पानं कशाला भरू? कुणासाठी?” तिचा आवाज फुटला तसा तिला स्वतःचाच राग आला. “आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? माझी फुंकणी घ्यायचीय का?”

डॉक्टरीणबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग वाचून दाखवलं: सदतीस कागद नोंदीवर घेतले, त्यांच्या आधारे दाखल्यांचा निर्णय होईल. तिकीट नंबर एक, सुरुवातीची नोंद उपलब्ध नाही, प्रकरण वेगळं ठेवलं, पुढची तारीख कळवली जाईल. सदतीसांच्या बाकांवर एकदम गलका झाला. कुणी टंकबाईचे हात धरले, कुणी पाठ थोपटली. ती सगळ्यांना ‘हो हो’ म्हणत दाराकडे सरकत राहिली.

दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभा होता.

“किती होता गं?” त्यानं विचारलं. “पहिला.”

“चार लिटर सहाशे.”

“एवढा?”

“कारखान्यात कुणाचा नव्हता एवढा.”

दादा थोडा वेळ तो आकडा तोंडात घोळवत राहिला. मग म्हणाला, “मग लिहायचा ना, मूर्खे.”

तिच्याकडे उत्तर होतं. सबंध खोलीला आत्ताच दिलं होतं. ते तिनं पुन्हा दिलं नाही.

खालून वहिनी वर आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. गलका ऐकला होता आणि नवऱ्याचा चेहरा बघितला होता, तेवढं तिला पुरे होतं. तिनं दादाचा उजवा दंड धरला आणि टंकबाईकडे न बघता म्हणाली, “धर त्या बाजूनं.”

टंकबाईनं डावा दंड धरला. दवाखान्याचे जुने डॉक्टर अजून जिवंत असले तर त्यांच्या घरच्या वह्यांत काही असेल. कामावर घेताना केलेल्या तपासणीचा कागद कुठल्यातरी सरकारी कपाटात असेल. त्या कचेरीत सोमवारी पहिल्या तासाला जाऊन बसायचं. नाही, आजच, चारपर्यंत उघडी असते. तिचं डोकं केव्हाच रस्त्याला लागलं होतं. पण दादा तीन पायऱ्या उतरायचा आणि थांबायचा. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचा. प्रत्येक वेळी ती थांबत होती.

“घाई आहे का तुला?” दादानं विचारलं.

“नाही,” टंकबाई म्हणाली.